बाळाचे बोचके: माहेराहून सासरी निघालेल्या सामानाचा इतिहास

मराठी मुलखात तान्ह्या बाळाचा पहिला प्रवास बहुधा आजोळाहून स्वतःच्या घरी होत आला आहे. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी करायचे, ही रीत बहुतेक जातींत पाळली जाई. सातव्या महिन्यात ओटी भरून सून माहेरी निघे, तिला न्यायला भाऊ किंवा चुलता मुऱ्हाळी म्हणून येई. आणि बाळ-बाळंतीण सासरी परतत ती तिसऱ्या नाही तर पाचव्या महिन्यात. जाताना तिच्याजवळ एखादे गाठोडे असे. येताना मात्र बाळाची अंथरुणे-पांघरुणे, कपडे, औषधे, भांडी, खेळणी आणि ऐपतीप्रमाणे पाळणा असा सगळा पसारा बरोबर निघे. हे सामान कोणी जमवायचे, कोणी शिवायचे, गाडीत कुठे ठेवायचे आणि वाटेत काय हाताशी राहिले पाहिजे, हे सारे ठरलेले असे. त्याची पोथी कोणी लिहिली नाही. आई, आजी आणि सुईण यांच्या हातून ते पुढे गेले.

या रीतीमागे मुलींच्या वयाचे कठोर वास्तव होते. एकोणिसाव्या शतकात मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी लागत. १८९१च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले, तर त्यावरूनही पुण्यात मोठा गदारोळ उठला. मुलीच्या लग्नाचे वय किमान १४ ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली आला. तोवर चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने आई होणे यात कोणाला नवल वाटत नसे. अशा पोरीला सासरच्या कामाच्या रगाड्यातून काही महिने सोडवायचे आणि तिच्या आईच्या हाती द्यायचे, एवढी सोय या रीतीने करून ठेवली. त्या काळच्या स्त्रीजीवनात इतकी शहाणी तरतूद दुसरी क्वचितच सापडते.

बाळाच्या सामानाची तयारी जन्माआधी उघडपणे करायची नाही, असा अनेक घरांतला दंडक होता. अपत्य जगेल की नाही याचीच शाश्वती नसलेल्या काळात नवे कापड आधी आणणे अशुभ मानले जाई. तयारी होई ती जुन्या कापडाची. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, घरातले जुने पंचे हे सारे वर्षभर बाजूला पडत जाई. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटर लांब. त्याची सात-आठ दुपटी सहज निघत. शेकडो वेळा धुऊन कापडातली खळ पार गेलेली असे, सूत मऊ पडलेले असे, म्हणून ते तान्ह्याच्या कातडीला टोचत नसे. धोतराच्या तुकड्यांची बाळोती आणि तिकोनी लंगोट होत. बाळोते दिवसाला वीस-वीस वेळा बदलावे लागते, त्यामुळे मऊपणाइतकेच ते लवकर वाळणे महत्त्वाचे. जुने, पातळ धोतर या कामाला अगदी योग्य. लुगड्याच्या चार-सहा घड्या एकावर एक घालून धावदोऱ्याने टाचले की छोटी गोधडी तयार होई. तिचे टाके कडेपासून मध्याकडे चौकटी-चौकटीने येत. टाके जवळजवळ घातल्याने आतले थर सरकत नसत आणि गोधडी घडी करून बोचक्यात कोंबली तरी तिचा गोळा होत नसे. डोके वाटोळे राहावे म्हणून मोहरी भरलेली लहानशी उशी करीत. बाळाने मान फिरवली की आतली मोहरी सरकून डोक्याचा आकार घेई.

नवे कापड येई ते बारशाला. बाराव्या-तेराव्या दिवशी सासरची मंडळी बाळंतविडा घेऊन येत. त्यात सुनेला लुगडे-खण, बाळाला अंगडे-टोपडे आणि बाळलेणी असत: वाळे, मनगट्या, बिंदल्या, साखळ्या, कमरेला करदोटा. माहेरची मंडळी पाळणा, कुंची, दुपटी आणि बाळंतिणीचे खाणेपिणे पाहत. दोन्ही घरांनी काय द्यायचे याचे संकेत गावोगाव वेगळे, पण ओझे एकाच घराच्या डोक्यावर पडू नये, हा हेतू सगळीकडे दिसतो. त्यात मानपानाची कटकटही शिरली हे खरे. माहेरचे देणे हलके आले म्हणून सुनेला वर्षानुवर्षे ऐकून घ्यावे लागे.

या सगळ्यात प्रवासासाठी म्हणून खास घडलेली वस्तू म्हणजे कुंची. डोक्यावर चपखल बसणारी टोपी आणि तिलाच मागे जोडलेला, पाठीवरून पायांपर्यंत उतरणारा झोळ, असे तिचे रूप. तिला बाह्या नसतात. त्यामुळे झोपलेल्या बाळाचे हात न ओढता ती घालता-काढता येते, आणि बाळ मांडीवर आडवे झाले की झोळाचा भाग तसाच गुंडाळून दुपट्याचे काम करतो. हनुवटीखाली बंद बांधला की कान झाकले जातात. उघड्या गाडीतल्या पहाटवाऱ्यात बाळाचे कान झाकणे हे बायकांच्या दृष्टीने पहिले काम. बाळ वाढले तरी कुंची लगेच आखूड पडत नाही, फक्त झोळ कमरेपर्यंत येतो, म्हणून एक कुंची वर्ष-दीड वर्ष पुरते. ती खणाची असे, सधन घरी जुन्या पैठणीच्या पदराची. काठाला जर, मोती, घुंगरू लावण्याची हौस होती. पण तिची खरी गुणवत्ता तिच्या बेतण्यात आहे. तान्ह्या मुलाच्या पेहरावात इतका विचार केलेली वस्तू क्वचितच असेल.

कापडे स्वच्छ ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे म्हणजे बाळाच्या खोलीचे वर्णन आहे. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे. घाम, मलमूत्र आणि किडींनी खराब झालेले टाकून द्यावे. दुसरे मिळण्यासारखे नसेल तर तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावे, असे तिथे सांगितले आहे. धुरीसाठी जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी द्रव्ये तुपात भिजवून घ्यायची. खेळण्यांविषयीही त्याच अध्यायात बारकाईने लिहिले आहे: ती रंगीबेरंगी, आवाज करणारी, हलकी असावीत; टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत, बाळाला घाबरवणारी नसावीत. आजच्या खेळण्यांवर छापलेल्या सूचना यापेक्षा फारसे वेगळे काही सांगत नाहीत.

घरोघरी हीच पद्धत शेगडीच्या रूपाने टिकली. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी पेटलेली असे. पावसाळ्यात तिच्यावर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती वाळत टाकीत आणि निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, धूप यांची चिमूट सोडीत. प्रवासाच्या आदल्या दिवशी सगळी बाळोती अशी शेकून, कडक वाळवून, घड्या घालून ठेवली जात, कारण वाटेत वाळवायला ऊन मिळेलच असे नाही आणि दमट बाळोत्याने बाळाला सर्दी होते अशी पक्की समजूत होती.

औषधांचे बोचके निराळे बांधले जाई. ते म्हणजे बाळगुटीची पिशवी. जायफळ, वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, ज्येष्ठमध, सुंठ, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, बदाम, खारीक असे जिन्नस त्यात असत. घराघराप्रमाणे यादी कमीजास्त होई. सोबत लहान दगडी सहाण. प्रत्येक मुळी दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात सहाणेवर फिरवायची, आणि मोजायचे ते वेढे. महिन्याच्या बाळाला वेखंडाचा एक वेढा, पुढे वयाप्रमाणे वाढ. पोट घट्ट असेल तर हिरड्याचा वेढा जास्त, सैल असेल तर मुरुडशेंगेचा. उगाळलेले सहाणेवरून पुसून चांदीच्या वाटीत घ्यायचे आणि बोंडल्याने पाजायचे. बोंडले म्हणजे निमुळत्या चोचीची चांदीची किंवा पितळेची छोटी वाटी. बाळाच्या ओठांच्या कडेला चोच टेकवून थेंब-थेंब दूध आत सोडायचे. उघडे भांडे असल्याने ते राखेने घासून पाण्याने विसळले की स्वच्छ होई. आत सांदीकोपरा नाही, घाण धरून बसायला जागा नाही. प्रवासात याचे मोल फार. दक्षिणेत याच भांड्याला पालडे म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दूध पाजण्यासाठी दवाखान्यांतून ते आजही वापरले जाते. गुटीच्या बाबतीत मात्र वैद्यकाचे मत पालटले आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीही देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे.

दृष्ट लागू नये म्हणून आणखी काही वस्तू बरोबर निघत. मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यात वेखंडाचा तुकडा किंवा बजरबट्टू, गालावर काजळाची तीट. गावाची शीव आणि वाटेतली नदी या दोन जागा जपण्याच्या. शिवेवर नारळ फोडीत, नदी ओलांडताना पाण्यात पैसा टाकीत. सासरच्या दारात पोचल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय बाळ उंबऱ्याच्या आत जात नसे. म्हणून नारळ, सुटे पैसे आणि काजळाची डबी गाठोड्याच्या तोंडाशीच ठेवली जात.

रेल्वेपूर्वीच्या काळात हा प्रवास बैलगाडीने होई. ऐपतदारांकडे छप्पर असलेली दमणी किंवा शिग्राम असे, घाटवाटांना डोली नाही तर मेणा. साध्या गाडीवर बांबूच्या कमट्यांची कमान करून तट्ट्या बांधीत. गाडीच्या साटीत आधी पेंढ्याचा जाड थर, त्यावर घोंगडे, वर गोधडी, अशी बैठक तयार होई. पेंढ्यामुळे धक्के कमी बसत आणि वाटेत बैलांनाही चारा होई. पाळण्याचे दांडे व खूर सुटे करून पेंढ्याखाली कडेने ठेवीत. धान्य, लाडवांचे डबे, भांडी गाडीच्या मागच्या अंगाला. बाळंतिणीच्या डाव्या-उजव्या हाताला दोन बोचकी: एकात कोरडी बाळोती, दुसऱ्यात गुटी, बोंडले, तेलाची कुपी आणि काजळ. कमानीच्या कमटीला लुगड्याची झोळी टांगली की पाळणा तयार. डोक्यावर ऊन यायच्या आत पहिला टप्पा गाठायचा म्हणून पहाटे गाडी जुंपत आणि दुपारी विहिरीजवळच्या झाडाखाली सोडत. ओली बाळोती तिथे धुऊन झुडपांवर वाळत. गाडीचा वेग बैलांच्या चालीचा, आणि हवी तिथे ती थांबवता येई. त्यामुळे सामान कितीही असले तरी सगळेच हाताशी राही. पुढे वाहने बदलत गेली तसे नेमके हेच सुख हरवत गेले, आणि बोचके बांधण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलली.

कोकणात गाडीपेक्षा तर, होडी आणि पुढे आगबोट यांचा भरवसा. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना लागत. लागत म्हणजे बहुतेक ठिकाणी खोल पाण्यात उभ्या राहत. किनाऱ्यापर्यंत पडावाने जावे लागे. हलत्या पडावात बोटीवरून माणसे उतरायची, तेव्हा तान्हे मूल खलाशांच्या हातून हातात दिले जाई आणि सामान दोरीने खाली सोडले जाई. त्यामुळे कोकणातली बाळाची गाठोडी लहान, घट्ट आणि संख्येने जास्त. एखादे पाण्यात भिजले तरी सगळीच बाळोती भिजू नयेत, हा त्यामागचा हिशेब. पावसाळ्यात बोटी बंद होत, म्हणून ज्येष्ठाच्या सुमारास बाळंत झालेल्या लेकीला नारळी पौर्णिमेनंतर बंदर उघडेपर्यंत माहेरीच ठेवीत.

हा सगळा थाट ज्यांना माहेरी पाच महिने काढता येत त्यांचा. कष्टकरी बायकांना ती चैन नव्हती, आणि त्यांच्या पद्धतींचा इतिहास कुंची-पाळण्यापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. फलटण, माण, बारामतीकडचे हाटकर धनगर पावसाळा संपला की मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मेंढ्यांबरोबर पुरुष पुढे, आणि वाडा म्हणजे सगळा संसार घोड्यांवर लादून बायका मागे. रोज नाही तर एक-दोन दिवसांआड तळ हलतो. घोड्याच्या पाठीवर वाकळा-घोंगड्या, त्यांवर भांडी आणि जाळी, आणि सगळ्यांत वर, दोरीने नीट गुंतवून बसवलेली चिमुकली पोरे. शेजारी कोकरे नि कोंबड्याही. तान्हे मात्र आईच्या अंगावर, फडक्यात. बाळासाठी वेगळे सामान असे जवळजवळ नाहीच. रात्री जे अंथरूण तेच सकाळी खोगिरावरची गादी आणि तेच बाळाचे ऊबदार आसन. एका वस्तूकडून तीन-चार कामे करून घेण्याचे हे कसब आजच्या कोणत्याही प्रवासी सामानाच्या रचनाकाराने अभ्यासावे असे आहे.

ऊसतोड कामगारांची गोष्ट अधिक कष्टाची आहे. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, बांबू, जळण, ज्वारीची पोती आणि त्यांवर पोरे. फडात पोचल्यावर बाळाची झोळी उभ्या गाडीच्या खाली टांगतात. मोठी बहीण, जी स्वतः सहा-सात वर्षांची, ती दोरी ओढत बसते. या बाळांच्या बोचक्यात बहुधा दोन लुगड्यांचे तुकडे, तेलाची बाटली आणि टोपडे एवढेच असते. पहिल्या बाळंतपणाच्या रीतीने ज्या विश्रांतीची हमी दिली, ती इथे हंगामाच्या उचलीने केव्हाच गिळून टाकली आहे. हा अन्याय अजून चालू आहे आणि तो सामानाच्या यादीतही स्पष्ट दिसतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५८ साली खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला, पण बोरघाटाचा चढ तयार व्हायला १८६३ उजाडले. मधली पाच वर्षे खोपोलीला उतरून खंडाळ्यापर्यंतचा घाट डोलीने, पालखीने किंवा तट्टावरून चढावा लागे आणि सामान हमालांच्या डोक्यावर जाई. घाट सुरू झाल्यावर मुंबईत नोकरी करणारा नवरा आणि देशावरचे माहेर ही जोडी सर्वसाधारण झाली. माहेर दूर गेले, प्रवास मात्र आठवड्यावरून दिवसावर आला.

रेल्वेने सामानाला कुलूप लावले. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि पुढे होल्डॉल ही प्रवासाची त्रिमूर्ती ठरली. ट्रंक बाकाखाली गेली की स्टेशन येईपर्यंत काढणे मुश्कील, म्हणून बाळाचे हाताशी लागणारे सामान पिशवीत किंवा वेताच्या करंडीत वेगळे पडले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत कित्येक दशके शौचकूप नव्हते आणि गर्दी तर विचारू नये. १९१७ साली महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली ती उगीच नव्हे. ओली बाळोती खिडकीच्या गजांना बांधून वाऱ्यावर वाळवायची, हा प्रकार तेव्हापासूनचा. पाण्यासाठी फिरकीचा तांब्या आला. पितळेचा, आट्यांचे झाकण असलेला हा तांब्या आडवा झाला तरी सांडत नसे, आणि सोवळ्याच्या घरांना स्टेशनवरचे पाणी चालत नसे म्हणून तर तो अपरिहार्यच. लाडू, दशम्या कडीच्या डब्यात. बाकाच्या वरच्या फळीच्या साखळ्यांना लुगडे बांधून केलेली झोळी ही बैलगाडीतली जुनी युक्ती होती. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून ती आजही दिसते. रेल्वेने स्वतः तान्ह्यांसाठी जागेचा विचार केला तो मे २०२२ मध्ये, जेव्हा लखनौ मेलच्या खालच्या बर्थना घडीचे बाळबर्थ प्रायोगिकरीत्या जोडले गेले.

मुंबईत कामा रुग्णालय १८८६ साली आणि परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झाले, आणि बाळंतपण हळूहळू घरातल्या अंधाऱ्या खोलीतून रुग्णालयात गेले. त्यामुळे बाळाचा पहिला प्रवास आजोळाहून सासरी होण्याऐवजी दवाखान्यातून घरी होऊ लागला, आणि जन्माआधी काही तयार ठेवायचे नाही हा दंडक मोडला. कळा सुरू झाल्यावर बाळोती शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून आठव्या महिन्यातच पिशवी भरून ठेवण्याची पद्धत पडली. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात, म्हणजे ही पिशवी आता जवळजवळ प्रत्येक घरी आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस सुटली. रेल्वे न पोचलेल्या गावांतल्या लेकींना एसटीने माहेर जवळ आणून दिले. पण एसटीत मोठे सामान टपावर जाई. ट्रंक, पाळणा, वळकटी टपावर, आणि मांडीवर बाळ नि पायाशी एक पिशवी. बोचक्याची अशी दोन तुकड्यांत सक्तीची वाटणी बैलगाडीत कधी झाली नव्हती. पायाशी ठेवायच्या पिशवीत काय घ्यावे याचा काटेकोर हिशेब याच काळात सुरू झाला: चार-पाच लंगोट, एक दुपटे, एक जादा झबले, मेणकापडाचा तुकडा, ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी, दुधाची सोय, आणि घाटात बाळाला वांती झाली तर पुसायला जुना पंचा. मेणकापड आणि रेक्झिनची पिशवी यांनी मोठे काम केले, कारण ओले आणि कोरडे एकाच पिशवीत शेजारी राहू लागले. तळेगाव दाभाड्याच्या कारखान्यातला ईगलचा थर्मास मध्यमवर्गीय बाळाच्या सामानात १९७०-८०च्या दशकांत कायमचा बसला. एसटीने १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांनंतर आणलेल्या निमआराम गाड्या एशियाड म्हणून ओळखल्या गेल्या आणि पुढे हिरकणी झाल्या. तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या गवळणीचे नाव गाडीला आणि स्थानकांवरच्या स्तनपान कक्षाला देणे यात औचित्य आहे. त्या कक्षांना कुलूप नसले की झाले.

थर्मासाबरोबर बाटली आली, आणि ती सामानातली सर्वांत धोकादायक वस्तू ठरली. बोंडले विसळून चालते. बाटली आणि रबरी बूच उकळावे लागते. एसटी स्थानकावर पाणी कोण उकळणार? बाटलीच्या दुधाने होणाऱ्या जुलाबांत किती बाळे दगावली याची जाणीव जगभर झाली. म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाची भुकटी बनवण्याचे तंत्र विकसित केले आणि अमूलने ते बाजारात आणले, त्यामुळे परदेशी डबे आयात करण्याची गरज कमी झाली. पण पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. अखेर १९९२ साली बाळदुधाची भुकटी आणि दूधबाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला.

बाबागाडीने मराठी प्रवासात फार काळ शिरकाव केला नाही. इंग्लंडमध्ये विल्यम केंट याने १७३३ साली डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी पहिली गाडी बनवली असे मानतात, आणि ती मुलांच्या बागेतल्या फेरफटक्याची होती. मुंबईत गोऱ्या साहेबांच्या आणि सधन पारशांच्या आया तशाच गाड्या बागेत फिरवीत. प्रवासात नेण्याजोगी घडीची गाडी १९६५ साली ओवेन मॅक्लेरन या निवृत्त विमान-अभियंत्याने केली. स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केले होते. अमेरिकेहून लेक नातवंड घेऊन इंग्लंडला आली, तिची जड गाडी पाहून त्याने अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम तीन किलोंची गाडी तयार केली. लेक माहेरी येते आणि तिच्या सोयीसाठी बाप नवी वस्तू घडवतो, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

टाकाऊ लंगोटाने सामानाचा तोल पार बदलला. पॅम्पर्स १९६१ साली अमेरिकेत बाजारात आले. पुण्याजवळ सणसवाडीला हगीजचा कारखाना १९९०च्या दशकात उभा राहिला. २०१० साली पुण्यातच सुरू झालेल्या फर्स्टक्रायने बाळाच्या सामानाची इंटरनेटवरची बाजारपेठ उभी केली. धुण्या-वाळवण्याचे काम संपले, आणि त्याच्या जागी वापरलेले डायपर कुठे टाकायचे हा प्रश्न आला, जो घाटातल्या वळणावर फेकलेल्या पुड्यांत दिसतो. महाराष्ट्र सरकारने २०१९च्या सुमारास सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या पहिल्या बाळासाठी सुमारे दोन हजार रुपयांचा बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली. त्यात कपडे, गादी, टॉवेल, मच्छरदाणी अशा वस्तू येतात. ज्या घरी बाळाचे सामान जमवायची ताकद नाही तिथे त्याचे मोल मोठे आहे.

आता बाळ गाडीवर जाते, म्हणजे दुचाकीवर. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलांना हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असे केंद्र सरकारचे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. शहरांतल्या रस्त्यांवर ते पाळणारे विरळा.

आणि प्रवासाची दिशाही उलटली आहे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या लेकीला बाळंतपणासाठी माहेरी येणे जमत नाही; तेव्हा माहेरच तिच्याकडे जाते. आई सहा महिन्यांचा व्हिसा काढून निघते. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगांत डिंक, अळीव, खारकेची पूड, बाळंतशोपा, तुळशीबागेतून किंवा दादरहून आणलेली कुंची, घरच्या जुन्या साड्यांची दुपटी आणि गोधडी भरली जाते. सहाण घ्यावी की नाही, यावर बराच विचार होतो, कारण दगड जड असतो. तिथे दवाखान्यातून बाळ घरी न्यायचे तर मोटारीत बाळाचे आसन असावेच लागते. अमेरिकेत १९७८ साली टेनेसी राज्याने पहिला कायदा केल्यापासून हळूहळू सगळ्या राज्यांनी हा नियम केला. आसनाच्या पट्ट्याखाली जाड कपडे चालत नाहीत, म्हणून कुंची आधी घालून चालत नाही. पट्टे आवळून झाल्यावर तिचा झोळ वरून पांघरावा लागतो, आणि तेवढ्या कामाला ती तिथेही उपयोगी पडते.